मेंढ्या, मार्माईट आणि रिपोर्टवरचा आकडा

थायरॉईडची तपासणी सांगितली की पुष्कळदा सोबत बी-१२ ही लिहिले जाते आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी छापून येतात. एक गळ्यातील ग्रंथीचा कारभार, दुसरे अन्नातून मिळणारे जीवनसत्त्व. या शेजाराला इतिहास आहे. १९६० आणि १९६१ या लागोपाठच्या वर्षांत लंडनमधील एकाच संशोधकाने एकच युक्ती आधी थायरॉईडच्या संप्रेरकासाठी वापरली आणि मग बी-१२ साठी.

त्याआधीची कित्येक दशके वैद्यकाने आकड्यावाचून काढली. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांकडे ४६ वर्षांची एक स्त्री उपचारासाठी होती. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, बोलणे संथ, थंडी सोसवेना. निदान डोळ्यांनी आणि हातांनीच झाले. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचण्यास आरंभ केला आणि काही महिन्यांत तिची प्रकृती पालटली. पुढे तोच अर्क पोटात घेत ती आणखी २८ वर्षे जगली. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. मात्रा कमी पडते की जास्त होते, हे ठरवण्यास नाडी, वजन आणि रुग्णाचा स्वतःचा अनुभव एवढीच साधने होती.

जीवनसत्त्वांच्या बाजूचा असाच प्रसंग मुंबईत घडला. १९२८ साली लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना ग्रासणारा, अनेकींचा जीव घेणारा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. विल्स यांनी उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग केले, आणि अखेरीस उपाय सापडला तो मार्माईटमध्ये, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्कात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी, हे मात्र त्यांना सांगता येण्याजोगे नव्हते.

ते द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९४० च्या दशकाच्या मध्यावर ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्या कामामागे यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गट होता. आता मोठ्या पेशींच्या प्रत्येक रक्तक्षयावर औषध मिळाले, असे वाटू लागले. काही रुग्णांच्या बाबतीत हा समज घातक ठरला. त्यांचे रक्त सुधारले, पण हातपाय बधिर होत गेले, चाल अडखळू लागली. त्यांच्यात उणीव होती ती बी-१२ ची, आणि तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला १९४८ मध्ये. दोन निरनिराळ्या उणिवा सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्याच दिसत होत्या. पेशी पाहून भागणार नव्हते. रक्तातील द्रव्यच मोजायला हवे होते.

अडचण होती प्रमाणाची. एक मिलिलिटर रक्तरसात बी-१२ असते ते एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. १९५० च्या दशकात सूक्ष्मजीव वाढवून त्याचा अदमास घेत, आणि रक्तातील आयोडीनवरून थायरॉईडचा. दोन्ही कामे किचकट.

वाट निघाली ती मधुमेहाच्या अभ्यासातून. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना आढळले की, इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. १९५५ मध्ये पाठवलेला हा निष्कर्ष प्रथम नाकारला गेला; नकाराचे ते पत्र यालो यांनी जपून ठेवले आणि पुढे नोबेल व्याख्यानात दाखवले. याच निरीक्षणातून मोजमापाची युक्ती सुचली. एखाद्या दालनात मोजक्याच खुर्च्या आहेत आणि त्यांसाठी खुणेचा फेटा बांधलेले ठरावीक लोक आत सोडले आहेत, असे समजावे. बिनफेट्याचे जितके अधिक येतील, तितके फेटेवाले उभे राहतील. खुर्च्या म्हणजे द्रव्याला पकडणारी प्रथिने, फेटा म्हणजे किरणोत्सारी खूण. शोध असतो एकाचा आणि गणती होते दुसऱ्याचीच!

यालो-बर्सन यांनी खुर्च्या म्हणून प्रतिपिंडे वापरली. त्याच सुमारास लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात रॉजर एकिन्स स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. रक्तातील नैसर्गिक वाहक प्रथिन वापरून १९६० मध्ये त्यांनी थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, मोजले आणि पुढच्याच वर्षी सहकारी बरकत यांच्यासह बी-१२. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. १९७७ च्या नोबेलमध्ये यालो होत्या, एकिन्स नव्हते.

१९६५ मध्ये टीएसएचचीही अशी चाचणी तयार झाली. नवखा वाचक गोंधळतो तो याच आकड्यापाशी. टीएसएच थायरॉईडचे नव्हे, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे. थायरॉईडला कामाला लावणारा तो हुकूम आहे. ग्रंथी सुस्त झाली की हुकमाचा आवाज चढतो, म्हणून टी-४ थोडे उतरले तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढते. आरंभीच्या चाचण्यांना हा चढलेला आवाज तेवढा ऐकू येई. कुजबुज आणि शांतता यांतला फरक कळू लागला तो १९८० च्या दशकात.

आकड्याशेजारी छापलेली मर्यादाही निसर्गाने आखलेली नाही. निरोगी मानलेल्या लोकांचे आकडे घेऊन दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळले की उरते ती 'सामान्य' कक्षा. म्हणजे शंभरांतील पाच निरोगी माणसे व्याख्येनेच बाहेर पडतात. टीएसएचची वरची रेघ चार-साडेचारवरून अडीचवर आणावी काय, यावर २००० नंतर अमेरिकेत बराच वाद झाला. रेघ सरकवली असती, तर कोणाच्याही प्रकृतीत काडीचा बदल न होता लक्षावधी लोक रुग्ण ठरले असते.

बी-१२ च्या बाबतीत चूक उलट्या दिशेने झाली. १९७८ मध्ये उघड झाले की, अनेक चाचण्यांतील प्रथिने बी-१२ सारख्याच दिसणाऱ्या निरुपयोगी रेणूंनाही खुर्ची देत होती. त्यामुळे उणीव असलेल्या काही रुग्णांचे रिपोर्ट 'सामान्य' येत राहिले होते. त्यानंतर अधिक चोखंदळ, शुद्ध केलेले प्रथिन वापरात आले.

किरणोत्सारी खूण आता बहुतेक ठिकाणी गेली. पुष्कळ यंत्रे रेणू पकडून ठेवण्यासाठी बायोटिनचा आधार घेतात, आणि बायोटिन हेही एक जीवनसत्त्वच. केस गळतात म्हणून ते मोठ्या मात्रेत घेणाऱ्याच्या रिपोर्टात टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसू शकते. सुस्त ग्रंथी कागदावर अतिउत्साही ठरते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याबद्दल इशारा दिला. केस गळणे हे थायरॉईड मंदावल्याचेही एक लक्षण असल्यामुळे, रक्त घेण्यापूर्वी आता एक साधा प्रश्न विचारावा लागतो: केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का?