झाकलेला खोका, उघडे छायाचित्र

२९ जून १९५५. दक्षिण मेक्सिकोतील वाहाका राज्याच्या डोंगराळ मुलखात पावसाळा नुकताच सुरू झाला होता. वाउत्ला दे हिमेनेस या मासातेक लोकांच्या गावाखालच्या ओढ्याकाठी दोन अमेरिकन पुरुष स्थानिक वाटाड्याबरोबर उतरले. तेथे हवी ती अळंबी त्यांना सापडली: ओली, कोवळी, सुवासिक आणि भरपूर. त्यांनी आधी तिची छायाचित्रे काढली, मग ती खुडून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोका बंद केला. खोका बंद करण्यामागे मासातेकांचा नियम होता. ही अळंबी नेहमी झाकूनच न्यायची. वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेस ती पडता कामा नये.

छायाचित्रांबाबत मात्र कोणताही नियम नव्हता. तसा प्रसंग त्या गावावर पूर्वी आलाच नव्हता.

हे झाकणे नवे नव्हते. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या चालीरीती नोंदवल्या. त्यांत विधीपूर्वक खाल्ल्या जाणाऱ्या 'तेओनानाकात्ल' नावाच्या अळंब्याचा उल्लेख आहे. जेत्यांच्या चर्चला यात सैतानाचा हात दिसला आणि हे विधी दडपले गेले. ते संपले नाहीत, दूरच्या डोंगरांतील घरांच्या अंधारात गेले. ते इतके बेमालूम लपले की १९१५ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी असे अळंबे अस्तित्वातच नसल्याचे प्रतिपादन केले. जुन्या लेखकांनी वाळवलेल्या पेयोटे निवडुंगालाच अळंबे समजण्याची चूक केली, असे त्यांचे म्हणणे होते. हे चूक असल्याचे दाखवायला पुढे रिचर्ड शुल्टेस यांना १९३०च्या दशकाच्या अखेरीस मासातेक प्रदेशात जाऊन नमुने गोळा करावे लागले.

ओढ्याकाठच्या त्या दोघांपैकी एक होते रॉबर्ट गॉर्डन वॉसन. व्यवसायाने ते बँकर, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. असा माणूस अळंब्यांच्या मागे कसा लागला? याचे उत्तर १९२७च्या ऑगस्टमध्ये सापडते. विवाहानंतर लांबलेल्या मधुचंद्रासाठी ते पत्नी व्हॅलेंतिना यांच्यासह कॅट्सकिल डोंगरांत गेले होते. जन्माने रशियन आणि पेशाने बालरोगतज्ज्ञ असलेल्या व्हॅलेंतिना यांना रानात अळंबी दिसली आणि त्या हरखून ती वेचू लागल्या. अँग्लो-सॅक्सन संस्कारात वाढलेले वॉसन मात्र घाबरले. त्यांनी त्या रात्री अळंब्याला तोंड लावले नाही. एकाच वस्तूबद्दल दोन समाजांत इतका टोकाचा भेद का, या प्रश्नाने दांपत्याला पुढची तीस वर्षे झपाटले. अळंब्यांवर प्रेम करणारे समाज आणि त्यांना भिणारे समाज अशी विभागणीच त्यांनी मांडली. मराठी त्यांच्या कानावर पडली असती तर ही विभागणी थोडी डळमळली असती, कारण 'अळंबी' आणि 'कुत्र्याची छत्री' हे दोन्ही शब्द एकाच भाषेत सुखाने नांदतात.

१९५२ साली कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या पत्रातून दांपत्याला मेक्सिकोतील विधींविषयी कळले. पुढच्याच वर्षी ते वाउत्लाला पोहोचले. पण प्रत्यक्ष विधीत भाग घ्यायला १९५५चा पावसाळा उजाडावा लागला. गावचे अधिकारी कायेतानो गार्सिया यांनी मारिया साबीना यांचे नाव सुचवले. मारिया साबीना या गावातील मान्यवर वैदीण. आजाराचे मूळ शोधण्यासाठी त्या रात्रभराचा जागर मांडत, गात, प्रार्थना करीत. अळंब्यांना त्या 'पवित्र बालके' म्हणत. त्या रात्री कायेतानो यांच्या घरी धुपावरून फिरवलेली अळंबी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे जोड्यांनी मोजली गेली. वॉसन यांच्या वाट्याला सहा जोड्या आल्या, मारिया साबीना यांनी तेरा घेतल्या. दुसरे अमेरिकन, छायाचित्रकार ॲलन रिचर्डसन, यांनी अळंब्याला ओठ लावणार नाही असे वचन पत्नीला दिले होते. ते टिकले नाही. शेवटची मेणबत्ती विझवल्यावर सारे काळोखात चालले आणि त्या काळोखात मधूनच रिचर्डसन यांचा फ्लॅश चमकत राहिला.

मारिया साबीना यांनी छायाचित्रांना हरकत घेतली नाही. अट एकच होती: ती विश्वासातल्या माणसांनीच पाहावीत.

१३ मे १९५७च्या 'लाइफ' साप्ताहिकात वॉसन यांचा लेख छायाचित्रांसह झळकला. त्याच्या मथळ्याने 'मॅजिक मशरूम' हा शब्दप्रयोग जगाच्या तोंडी बसवला. ओळख लपवण्याची थोडी काळजी घेतलेली होती. मारिया साबीना यांना 'एव्हा मेंदेस' केले होते, जमातीचे नावही बदलले होते. चेहरा मात्र होता तसाच, लाखो प्रतींवर. वॉसन यांची खरी चूक येथे आहे. बदललेले नाव म्हणजे वचन पाळल्याचा देखावा होता. तोही फार टिकला नाही: त्याच वर्षी अशाच एका जागराच्या ध्वनिमुद्रणाची तबकडी फोकवेज कंपनीने काढली आणि तिच्या शीर्षकातच 'मासातेक' हा शब्द छापला.

खोक्याचे झाकण आता साऱ्यांसाठीच उघडले. १९५६च्या मोहिमेत पॅरिसचे कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम सामील झाले होते. (कोकण-गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळांवर येणारी अळंबी ज्या टर्मिटोमायसिस प्रजातीतील आहेत, तिला १९४२ साली नाव देणारे हेच हाइम.) त्यांनी मेक्सिकोतील अळंबी प्रयोगशाळेत वाढवली आणि १९५८ साली बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन यांनी तीतून सायलोसायबिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच मोहिमेत जेम्स मूर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्यामागे अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए होती, हे पुष्कळ पुढे उघड झाले. १९६२ साली हॉफमन स्वतः वाउत्लाला गेले आणि त्यांनी त्या द्रव्याच्या गोळ्या मारिया साबीना यांना दिल्या. गोळ्यांतही तीच शक्ती असल्याचा निर्वाळा देऊन, अळंब्यांचा हंगाम नसतानाही आता लोकांची सेवा करता येईल, असे समाधान त्यांनी व्यक्त केले. या साऱ्या कथेतील हा बहुधा सर्वांत निर्मळ व्यवहार.

साठच्या दशकात मात्र वाउत्लाकडे येणाऱ्या तरुणांचे लोंढे सुरू झाले. त्यांना आजार नव्हता, कोणाची शुश्रूषा करायची नव्हती. त्यांना देव भेटायला हवा होता, तोही तत्काळ. काहीजण भर दिवसा रस्त्यात अळंबी खात. जी वस्तू वाटेने झाकून न्यायची, ती वाटेवरच उघडी पडली. पोलीस आले, १९६९ साली लष्कर आले. गावाचा रोष मारिया साबीना यांच्यावर फिरला. त्यांचे घर जाळण्यात आले. वाडवडिलांचे गुपित परक्यांच्या हाती दिल्याची ही शिक्षा, असे काही लोक म्हणत.

त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून १९७७च्या पुस्तकात आली. आल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाने ती टिपून घेतली. त्यांना निव्वळ फसवली गेलेली भोळी बाई ठरवणे सोपे आहे, परंतु हे कथन तसे करू देत नाही. अधिकाऱ्याने सांगितले म्हणून परक्यांसाठी जागर मांडला, हे त्या मान्य करतात. आणि कोणाच्या शिफारशीविना ते आले असते तरीही आपले ज्ञान त्यांना दाखवलेच असते, हेही सांगतात. मात्र परके आल्यापासून पवित्र बालकांचे पावित्र्य गेले, त्यांची शक्ती ओसरली, ही त्यांची खंत होती.

वॉसन तोवर ऋग्वेदापर्यंत पोहोचले होते. सोम म्हणजे तांबड्या छत्रीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे अळंबे, असा सिद्धान्त त्यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी ग्रंथरूपाने मांडला आणि संस्कृतज्ञांमध्ये वाद पेटवला. त्यात त्यांचा उत्साह पुराव्यापेक्षा मोठा होता. वाउत्लाबाबत मात्र उतारवयात त्यांनी डोळेझाक केली नाही. मारिया साबीना यांचे म्हणणे खरे असल्याची भीती त्यांनी लिहून ठेवली आणि एका प्राचीन उपासनेच्या अंताची जबाबदारी स्वतःवर घेतली.

मारिया साबीना नोव्हेंबर १९८५ मध्ये वारल्या, वॉसन त्यानंतर वर्षभराने. वाउत्लात आजही जूनच्या पावसाबरोबर अळंबी उगवतात. गावातील भिंतींवर मारिया साबीना यांचा चेहरा रंगवलेला आहे, आणि तो छापलेले सदरेही विकले जातात.