कानांनी खेळायचे खेळ

आंधळी कोशिंबीर आपल्याकडे गावोगाव खेळली जाते. मुखेडसारख्या गावात शाळेच्या अंगणात डोळ्यांना रुमाल बांधलेले पोर टाळीच्या रोखाने नेमके कसे धावते? आपल्या दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर असते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे उजवीकडची टाळी डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोहोचते. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो.

हीच मुले मोबाइलवरच्या खेळाभोवती कोंडाळे करतात, तेव्हा वर्गातले दृष्टिहीन मूल मात्र बाहेर राहते. असे का व्हावे? याचे उत्तर या खेळांच्या इतिहासात सापडते.

१९७८ साली अमेरिकेत 'सायमन' नावाचे खेळणे बाजारात आले. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी ते रचले होते. त्यात चार रंगीत बटणे आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. यंत्र जो क्रम वाजवील तोच आपण पुन्हा दाबायचा. खेळ डोळसांसाठी केलेला, पण सूर ओळखू आले की डोळ्यांवाचून अडत नाही.

त्याच सुमारास संगणकावर शब्दांचे खेळ आले. विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास गुहेत भटकण्याचा एक खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला. त्यात एकही चित्र नव्हते. आपण कुठे आहोत हे संगणक वाक्यांत सांगे आणि खेळणारा उत्तर टंकित करी. पुढे संगणकाला अक्षरे वाचून दाखवणारे यंत्र जोडता येऊ लागले आणि हे खेळ दृष्टिहीनांनाही खेळता आले.

नव्वदच्या दशकात चित्रांचे युग आले. पडद्यावरचा मजकूर वाचणाऱ्या प्रणालीला अक्षरे लागतात. नुसत्या चित्रात ती नसतात. खेळ अधिक देखणे झाले आणि उघडलेले दार पुन्हा बंद झाले. खेळणाऱ्याची दृष्टी आधी नव्हती, तशीच आताही नव्हती. बदलली होती ती माहिती ठेवण्याची जागा.

जपानच्या केंजी एनो यांना काही दृष्टिहीन खेळाडू भेटले. नेहमीचेच खेळ ते आवाजावरून जिद्दीने खेळत होते. त्यातून १९९७ साली एनो यांनी 'रिअल साउंड' हा खेळ काढला. तो सर्वस्वी आवाजावर चालतो, पडद्यावर काहीही दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण बुद्धिबळाचे आहे. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि मोहऱ्यांना खालून खुंटी असते, त्यामुळे चाचपताना डाव विस्कटत नाही. काळी मोहरी स्पर्शाने ओळखण्यासाठी त्यांवर खूण असते. प्रत्येक चाल मोठ्याने सांगण्याचा नियम आहे. मुंबईचे चारुदत्त जाधव यांची दृष्टी शालेय वयात गेली. ते बुद्धिबळात पुढे आले, देशभरच्या अंध खेळाडूंच्या संघटनेच्या उभारणीत अग्रभागी राहिले आणि संगणक क्षेत्रात काम करत असताना त्यांनी 'टॉक ६४' ही बोलणारी बुद्धिबळ प्रणाली तयार केली. त्यामुळे सोबती नसतानाही दृष्टिहीन खेळाडूला सराव करता येऊ लागला.

२०२० साली आलेल्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अपंग खेळाडूंसाठी ६० हून अधिक सोयी होत्या. वाट, अडथळा, शत्रू यांच्या खुणा त्यात आवाजांतून मिळतात, आणि दृष्टिहीन खेळाडूंनी तो शेवटापर्यंत खेळून दाखवला. चित्रांचा खेळही बोलका करता येतो, मात्र तो रचतानाच तसा विचार करावा लागतो.

वर्गात हे करून पाहता येईल. फुली-गोळ्याच्या नऊ घरांना १ ते ९ आकडे द्या. कागद, फळा काही वापरायचे नाही. दोघांनी फक्त आकडा सांगून डाव पुरा करायचा. कुठे गोंधळ होतो, कोणती गोष्ट बोलून सांगायची राहून जाते, ते मुलांनाच शोधू द्या. या डावात दृष्टिहीन मूल पहिल्या चालीपासून बरोबरीचे असते. पुढच्या तासाला फळ्यावर आकृती काढून 'हे असे' म्हणताना हा डाव आपल्यालाही आठवावा.