पार्टनर्स : डोलकाठीचे भागीदार
डोलकाठी ज्या भोकातून डेकखाली उतरते, त्याभोवतीच्या जाड लाकडी चौकटीला इंग्रजी जहाजबांधणीत ‘पार्टनर्स’ म्हणतात. शब्द सहसा अनेकवचनी. भागीदार या अर्थाचा ‘पार्टनर’ हा जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘पार्तितिओ’, म्हणजे वाटणी. वाटणी जहाजावरही दिसतेच: काठीचे वजन तळाचा खाचेचा ठोकळा पेलतो, आडवा रेटा पार्टनर्स. नावातच डोलणे ऐकू येणारी काठी डोलू नये, यासाठी हा खटाटोप. भोक मुद्दाम मोठे ठेवून फटीत लाकडी पाचरी ठोकतात, वर कॅनव्हासचा झगा बांधतात. पाणी आत झिरपत नाही. जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीतही काठीचा कल बारीक पाचरींनी जुळवता येतो. तिथे झग्याऐवजी रंगवलेली कातीव कडी चालते.