चोक ओढला की बरं वाटतं

मंडळी, या वीकेंडला पुन्हा इतिहासच. फक्त या वेळी किल्ले नाहीत, राजे नाहीत, बॉनेटखालचा इतिहास आहे. ज्यांनी आयुष्यात कधी चोक ओढलेला नाही त्यांनी घाबरू नये, मीसुद्धा मागच्या मे महिन्यापर्यंत तुमच्यातलाच होतो.

तर झालं असं. साकोलीला घरी आमची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांची. दोन वर्षं शेडमध्ये अर्ध्या टाकीवर तशीच उभी होती. मे महिन्यात बाबांनी बॅटरी बदलली, टाकीत वर नवीन पेट्रोल ओतलं, गाडी सुरूही झाली, आणि आम्ही बापलेक भंडाऱ्याकडे निघालो. ऍक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी करायची, मग उचलायची. आणि दहा-बारा किलोमीटर पळवली की हळूहळू जीव सोडायची. दहा मिनिटं बाजूला उभं राहिलं की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू! लाखनीपर्यंतही पोचलो नाही.

बाबा म्हणाले, व्हेपर लॉक. हे निदान विदर्भात अगदी पिढीजात आहे. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. पंचेचाळीस डिग्रीत पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफेवर नुसता फडफडत राहतो. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. नागपूर-रायपूर रस्त्यावर (जुना एनएच ६, आताचा ५३) एके काळी उन्हाळ्यात बॉनेट उघडून फडकं पिळणारी माणसं हे नेहमीचं दृश्य असायचं, असं बाबा सांगतात. आम्हीही फडकं टाकलं. फरक शून्य. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, गार हवेत, पुन्हा तोच प्रकार. म्हणजे व्हेपर लॉक बाद.

आता थोडा फ्लॅशबॅक.

ही गाडी १९८९ ची असली तरी तिच्या १०८९ सीसी इंजिनचं मूळ १९३७ च्या फियाट ५०८ सी मध्ये आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना टाकला. आधी क्रायस्लरबरोबर डॉज आणि प्लिमथ, मग पन्नाशीच्या सुरुवातीला फियाट. त्याच सुमारास सरकारनं ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथं जागा नाही. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. उरलेल्यांना बाजार जवळजवळ आंदण मिळाला. त्यामुळे फियाट ११०० चीच पुढे ११०० डी आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, नाव बदललं आणि बॉनेटखाली तेच राहिलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तरी पद्मिनी चालूच होती, थेट या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवलेली. वीस वर्षांच्या नियमानं ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आपण याला लायसन्स राजचा नमुना म्हणून हसतो. मीही हसायचो. पण याचा एक साइड इफेक्ट झाला. चाळीसेक वर्षं फारसं न बदललेलं एकच यंत्र असल्यामुळे हायवेवरच्या प्रत्येक गावात ते तोंडपाठ असलेला एक तरी मिस्त्री तयार झाला. डॉक्युमेंटेशन काहीच नाही, सगळं डोक्यात आणि बोटांत.

आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत, दुकान मुलानं घेतलंय. मुलगा स्कॅनर लावून काम करतो, उत्तम करतो, पण पद्मिनीला स्कॅनर लावायचा कुठे? नागपूरच्या एका गॅरेजनं फोनवरच सांगितलं होतं, पूर्ण कार्बोरेटर बदला. भंगारवाल्याचा भावही बाबांच्या खिशात तयार होता. आणि मला खरं सांगायचं तर तो मान्य होता. आईला नव्हता.

मिस्त्रीकाका घरी आले, बॉनेटला हात न लावता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, चोक ओढलं का गाडी सुधारते का बिघडते?"

"सुधारते."

"मंग कारबोरेटरले कायले शिव्या देता? तिले खायलेच भेटून नाही राह्यलं."

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. चोक म्हणजे हवेच्या वाटेतली झडप. ओढली की हवा कमी, पेट्रोलचं प्रमाण जास्त. त्यानं बरं वाटत असेल तर मुळात पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी फालतू हवा घुसतेय. बिघडत असेल तर उलट.

कार्बोरेटर तसा साधाच. विल्हेल्म मायबाखनं १८९३ मध्ये जर्मनीत फवाऱ्याचा कार्बोरेटर केला, त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही. एक छोटी टाकी, तिची पातळी सांभाळणारा फ्लोट (संडासच्या फ्लशच्या टाकीत असतो तोच प्रकार), आणि मध्ये बारीक झालेली हवेची नळी. तिथं हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, पेट्रोल आपोआप खेचलं जातं. हे तत्त्व इटलीच्या व्हेंचुरीनं १७९७ मध्येच मांडलं होतं. अडचण एकच. ऍक्सिलरेटर अचानक दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्यानं मागे राहतं. तेवढ्या क्षणासाठी एक वेगळा छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. ती पिचकारी चुकली की गाडी ठेच खाते.

काकांनी मग जे केलं ते बघून मला लाज वाटली, कारण मी हेच काम एसीत बसून करतो आणि त्याला बायनरी सर्च म्हणतो. त्यांनी सलाईनची रिकामी बाटली काढली, तिच्यात पेट्रोल भरलं, बॉनेटजवळ उंच टांगली आणि नळी थेट कार्बोरेटरला जोडली. टाकी बाद, पाइप बाद, पंप बाद. आणि त्या बाटलीवर गाडी हायवेला घेतली! (हे घरी करू नका. ते शेजारी मांडीवर वाळूची बादली घेऊन बसले होते.)

गाडी पंधरा किलोमीटर एकदाही मेली नाही. पण सिग्नलवरून उचलल्यासारखा पाय दिला की ठेच तशीच. म्हणजे एक नाही, दोन आजार. जीव सोडणं हे कार्बोरेटरच्या मागचं, ठेच ही कार्बोरेटरच्या आतली.

ठेच लगेच सापडली. इंजिन बंद करून एअर फिल्टर काढला, हातानं थ्रॉटल हलवला. पिचकारी यायला हवी होती, दोन थेंब गळले. आतला रबरी डायफ्राम पापडासारखा कडक झाला होता.

मागच्या आजाराला टाकी उतरवावी लागली. तळाशी गंजाचे पापुद्रे आणि तपकिरी गाळ. वेगात पेट्रोल खेचलं की गाळ जाळीवर येऊन बसायचा, थांबलं की खाली उतरायचा. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं रहस्य एवढंच. काकांनी गाळावरचं पेट्रोल तळहातावर चोळून वास घेतला. ही सवय केरोसीनच्या काळातली. पेट्रोल भुर्रकन उडतं, भेसळ असेल तर हात तेलकट राहतो. रेशनच्या स्वस्त रॉकेलची भेसळ हा किरकोळ प्रकार नव्हता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. तेव्हा मी शाळेत होतो, बाबा पेपर हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नव्हते.

आमच्या टाकीत मात्र भेसळ नव्हती. पाणी होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात. इथेनॉल आपल्याकडे नवीनही नाही. पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ चा. २००१ मध्ये पहिले प्रयोग झाले त्यातले दोन आपल्याच राज्यात, मिरज आणि मनमाडला. २०२२ मध्ये दहा टक्के झालं, २०२५ पर्यंत वीस. नव्या गाड्या त्यासाठी बनवतात, जुन्या गाडीच्या रबराला कुणी विचारलेलं नाही. पण गाडी दोन वर्षं अर्ध्या टाकीवर उभी ठेवणारे आम्हीच, त्यामुळे सगळं खापर इथेनॉलवर फोडण्यात अर्थ नाही.

आता माझा आवडता भाग. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजून आपोआप पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरमध्ये पितळी जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे मिश्रण आठेक टक्के पातळ राहतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा १२० चा काढून १२५ चा टाकला, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. काकांनी पाच नंबर मोठाच जेट टाकला. मी हे गणित त्यांना मोबाईलवर करून दाखवलं. ते म्हणाले, "हो ना बाबू, पाच नंबरच लागते."

नव्या डायफ्रामचं किट पुण्याहून कुरिअरनं यायला नऊ दिवस लागले. टाकी दोनदा धुतली, नवा फिल्टर मध्ये घातला. लाखनीपर्यंत जाऊन आलो, बाबा चालवत होते, काका पुढे, मी मागे. चोक पूर्ण आत. परत येताना बाबांनी भंगारवाल्याचं दुकान आलं तेव्हा विनाकारण गिअर उतरवला आणि जोरात पिकअप घेतला.

वीस वर्षांवरच्या कारच्या आरसी नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली आहे. आमची मुदत पुढच्या वर्षी संपते. पैसे कुणी द्यायचे यावर घरी चर्चा चालू आहे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.