घराच्या सुरक्षेसाठी कॅमेरे : निवड, जोडणी आणि कायदा

शिकागोच्या वेस्ट रिज भागातील डेव्हन ॲव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान उघडले. आज याच रस्त्यावर किराणा, साड्या आणि सोन्याचांदीच्या पेढ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. भोवतालच्या गल्ल्यांतील आणि उपनगरांतील मराठी कुटुंबे येथे सणासुदीची खरेदी करतात आणि डिसेंबरात तीन-चार आठवड्यांसाठी मायदेशी जातात. त्या काळात घर रिकामे असते. भारतीय घरांत सोने असते, हे चोरांनाही ठाऊक आहे. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये भारतीय वंशाच्या कुटुंबांना हेरून घरात शिरणाऱ्या टोळीच्या सूत्रधाराला २०१९ मध्ये मिशिगनच्या संघीय न्यायालयाने दीर्घ कारावासाची शिक्षा सुनावली. घरगुती कॅमेऱ्यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

प्रथम घर पाहावे, मग कॅमेरा

डेव्हनच्या आसपासची बरीच घरे विटांची आहेत : दुमजली टू-फ्लॅट, बंगले आणि छोट्या अपार्टमेंट इमारती. पुढे रस्ता, मागे गल्ली, गल्लीला लागून स्वतंत्र गॅरेज आणि दोन घरांमध्ये अरुंद बोळ, अशी त्यांची रचना असते. त्यामुळे पाळत ठेवण्याच्या जागा चारच ठरतात : पुढचे दार, मागचे दार, गॅरेज आणि बोळ. यांपैकी पुढचे आणि मागचे दार आधी घ्यावे.

घर भाड्याचे असेल तर घरमालकाची आणि कॉन्डोमिनियम असेल तर व्यवस्थापक मंडळाची लेखी परवानगी आवश्यक समजावी. बाहेरची भिंत आणि सामाईक मार्गिका ही एकट्या रहिवाशाची मालमत्ता नसते.

चित्राची स्पष्टता

जाहिरातीतील मेगापिक्सेलचा आकडा एकटा पुरेसा नसतो. अनोळखी व्यक्तीचा चेहरा ओळखता यावा यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे सुमारे २५० पिक्सेल लागतात, असे या क्षेत्रातील मानक सांगते. म्हणजे १,९२० पिक्सेल रुंदीचा १०८०पी कॅमेरा साधारण साडेसात मीटर रुंदीच्या दृश्यातच चेहरा ओळखता येईल इतका तपशील देतो. ४के कॅमेरा सुमारे पंधरा मीटरपर्यंत. संपूर्ण अंगण एका चौकटीत बसवणाऱ्या रुंद कोनाच्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो, पण तो कोण हे कळत नाही. म्हणून दारासाठी अरुंद आणि अंगणासाठी रुंद कोन निवडावा.

डेव्हन पूर्व-पश्चिम जातो. त्याला छेदणाऱ्या निवासी गल्ल्या उत्तर-दक्षिण आहेत. साहजिकच तेथील घरांची तोंडे पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात आणि सकाळी वा संध्याकाळी ऊन थेट भिंगावर येते. अशा ठिकाणी उजेड आणि सावली यांतील मोठा फरक सांभाळणारी सुविधा, म्हणजे डब्ल्यूडीआर, असलेलाच कॅमेरा घ्यावा आणि तो छज्जाखाली बसवावा.

तार की बॅटरी?

बॅटरीवर चालणारा कॅमेरा लावायला सोपा असतो, परंतु शिकागोचा हिवाळा त्याची परीक्षा पाहतो. ३० जानेवारी २०१९ रोजी ओ'हेअर विमानतळावर तापमान उणे ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. लिथियम बॅटरी शून्याखाली नीट चार्ज होत नाही, त्यामुळे सौर पट्टी जोडूनही ती कडाक्याच्या थंडीत संपू शकते. खरेदीपूर्वी वेष्टनावरील किमान कार्यतापमान अवश्य वाचावे. शिवाय विटांच्या भिंतींतून वायफायचा जोर घटतो आणि मागच्या गॅरेजपर्यंत तो अनेकदा पोहोचतच नाही.

स्वतःचे घर असल्यास पीओई पद्धत अधिक भरवशाची ठरते. यात एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात. केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. तारेची डोअरबेल लावताना जुना ट्रान्सफॉर्मर तपासावा. बहुतेक कॅमेरा-डोअरबेलना १६ ते २४ व्होल्ट लागतात आणि जुन्या घरांत तो त्याहून कमी क्षमतेचा असू शकतो. काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचे असेल, तर त्याच्याकडे इलिनॉय राज्याचा परवाना आहे का, हे विचारावे.

चित्रण कुठे साठवावे?

चार मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो. चार कॅमेऱ्यांना चार टेराबाइटची डिस्क साधारण २३ दिवस पुरते. महिनाभराच्या प्रवासाला जाणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

घरातील रेकॉर्डरला मासिक शुल्क नसते, पण चोर तोच उचलून नेऊ शकतो. म्हणून तो कुलपात ठेवावा. क्लाउडवरील चित्रण चोराच्या हाती लागत नाही, मात्र त्याला दरमहा शुल्क पडते आणि ते परक्या कंपनीच्या ताब्यात जाते. ही जोखीम काल्पनिक नाही. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांची खासगी दृश्ये पाहिल्याच्या आणि सुरक्षेतील त्रुटींच्या आरोपांवरून संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये रिंग कंपनीवर कारवाई केली. त्यात ५८ लाख डॉलरची तडजोड झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे दिसली. अखंड चित्रण घरी आणि दारावरील घटनांच्या लहान चित्रफिती क्लाउडवर, हा मध्यम मार्ग बहुतेकांना सोयीचा पडतो.

जोडणीचा क्रम

१. कॅमेरा कायमचा बसवण्याआधी तात्पुरता धरून दिवसा आणि रात्री चित्र पाहावे.
२. उंची अडीच ते पावणेतीन मीटर ठेवावी. त्याहून वर गेल्यास डोक्याचा माथाच दिसतो.
३. खिडकीच्या काचेमागून चित्रण करू नये. रात्री अवरक्त प्रकाश काचेवरून परततो आणि चित्र पांढरे पडते.
४. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. २०१६ मध्ये मिराय या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डरच मोठ्या संख्येने काबीज केले होते.
५. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळे नेटवर्क ठेवावे आणि सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होऊ द्यावे.
६. राउटर आणि रेकॉर्डरला यूपीएस जोडावा.

इलिनॉयचा कायदा

खासगी संभाषण सर्व संबंधितांच्या संमतीविना गुपचूप ध्वनिमुद्रित करणे इलिनॉयमध्ये गुन्हा आहे. सर्वोच्च राज्य न्यायालयाने २०१४ मध्ये जुना कायदा रद्द केल्यावर त्याच वर्षी हा सुधारित कायदा झाला. म्हणून ध्वनिमुद्रण बंद ठेवणे किंवा ठळक सूचना लावणे श्रेयस्कर. शेजाऱ्याच्या घरातील दृश्य बाहेरून त्याच्या संमतीविना टिपणे हादेखील गुन्हा आहे. खिडकी चौकटीत येत असेल तर तो भाग झाकण्याची सोय वापरावी. राज्याच्या २००८ च्या जैवमापन कायद्यामुळे चेहरा ओळखण्याची गूगल नेस्टची सुविधा येथे मिळत नाही. तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घरातल्या कॅमेऱ्याबाबत कायद्याइतकेच सौजन्यही महत्त्वाचे. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना किंवा मुलांना सांभाळणाऱ्या ताईंना कॅमेरा कुठे आहे हे आधी सांगावे. न्हाणीघर आणि झोपण्याच्या खोल्या वर्ज्य.

खर्च, विमा आणि मर्यादा

शिकागो शहराने २०२२ मध्ये कॅमेरे आणि हालचालीने पेटणारे दिवे यांच्या खर्चाचा परतावा देणारी योजना सुरू केली. तीत दर कॅमेऱ्यामागे २२५ डॉलरपर्यंत, असे दोन कॅमेऱ्यांसाठी साहाय्य होते आणि कॅमेऱ्याची पोलिसांकडे नोंदणी बंधनकारक होती. अशा योजना निधीवर अवलंबून असतात. अर्ज स्वीकारले जात आहेत याची खात्री करूनच तिच्या भरवशावर खरेदी करावी.

पुण्यात किंवा नाशकात आई-वडिलांच्या घरासाठी कॅमेरा येथून नेण्याऐवजी तेथेच घ्यावा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-मानकांची पूर्तता आवश्यक झाली आहे आणि दुरुस्तीही तेथेच मिळते.

शेवटी, कॅमेरा चोरी पाहतो, अडवत नाही. मध्यरात्री शिकागोत दार वाजले तर हिवाळ्यात भारतात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. सूचना वाचणारा प्रवासात असला तर तिचा उपयोग शून्य. म्हणून जाण्यापूर्वी विश्वासू शेजाऱ्याला ॲपमध्ये प्रवेश आणि घराची किल्ली द्यावी. घराच्या सर्वसाधारण विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई अनेकदा १,५०० डॉलरपर्यंतच मर्यादित असते. त्यामुळे दागिन्यांचा वेगळा विमा उतरवावा, त्यांची छायाचित्रे आणि पावत्या जपाव्यात आणि ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. एवढे केल्यावरच दारावरचा कॅमेरा आपले काम पुरे करतो.