जागेपणाची किल्ली

दिवसा झोपणाऱ्या माणसाविषयी समाजाचे मत फारसे चांगले नसते. कुंभकर्णाला सहा महिने झोपण्यासाठी निदान ब्रह्मदेवाच्या वराची सबब होती. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला किंवा कचेरीत फायलीवर मान टाकणाऱ्या कारकुनाला तीही नसते. झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु या झोपाळूंत काही थोडे लोक असे असतात की, ते आळशीही नसतात आणि सोंगाडेही नसतात. त्यांच्या मेंदूत एक विशिष्ट द्रव्य तयार होत नाही, इतकेच. हे कळायला शास्त्राला एकशेवीस वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास आम्हांला येथे सांगावयाचा आहे.

१८८० साली जेलिनो या फ्रेंच वैद्याने एका अडतीस वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. दारूच्या पिंपांचा व्यापार करणाऱ्या या गृहस्थाला दिवसातून अनेकदा अनावर झोप येई. शिवाय खळखळून हसू आले की त्याचे पाय लुळे पडत आणि तो कोसळे. शुद्ध मात्र कायम असे. जेलिनोने या रोगाला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. रोगाला नाव मिळाले, पण रोग्याची अब्रू काही परत मिळाली नाही. शरीरात दोष सापडेना, तेव्हा तो मनात असला पाहिजे, असे पुढेही कित्येक वर्षे अनेकांना वाटत राहिले.

पहिला धागा हाती आला तो एका साथीतून. पहिले महायुद्ध चालू असताना युरोपात मेंदूला सूज आणणारा एक विलक्षण ज्वर पसरला. बहुतेक रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत. काहींना मात्र मुळीच झोप येत नसे. व्हिएन्नातील डॉक्टर फॉन इकोनोमो याने १९१७ साली या रोगाचे वर्णन केले आणि मृतांचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमस म्हणून मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. झोपाळू रोग्यांत त्याच्या मागल्या बाजूस इजा झालेली होती, तर निद्रानाश झालेल्यांत पुढल्या बाजूस. झोप म्हणजे केवळ थकव्याचा परिणाम नव्हे. जागे राहण्यासाठी मेंदूला काही काम करावे लागते आणि त्या कामाची जागा ठरलेली आहे, असा याचा अर्थ होता. नार्कोलेप्सीचे मूळही तेथेच असावे, हा त्याचा तर्क पुढे खरा ठरला. पण त्या जागी नेमके काय घडते, हे सांगण्याची साधने त्या काळी नव्हती.

ती साधने कुत्र्यांनी आणि उंदरांनी पुरविली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० नंतरच्या दशकात हा रोग असलेली कुत्री जमविली. आवडते खाणे समोर आले की आनंदाच्या भरातच ती जमिनीवर कोसळत. डॉबरमन जातीत हा रोग वंशपरंपरेने चालतो, असेही दिसून आले. एमान्युएल मीन्यो यांनी त्यास कारणीभूत असलेल्या जनुकाचा शोध हाती घेतला. त्या काळच्या पद्धतींनी त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

इकडे १९९८ साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकच द्रव्य सापडले. ते होते न्यूरोपेप्टाइड, म्हणजे ॲमिनो अम्लांची एक लहानशी साखळी, जी एक मज्जापेशी दुसरीला निरोप म्हणून धाडते. निरोप घेणाऱ्या पेशीवर तो ओळखणारा ग्राही असतो. द्रव्य ही किल्ली मानली, तर ग्राही हे तिचे कुलूप. डॅलस येथे यानागिसावा आणि साकुराई यांच्या हाती आधी कुलूप होते, त्याची किल्ली ते शोधत होते. ती मिळाल्यावर त्यांनी उंदरांच्या मेंदूत टोचली, तेव्हा उंदीर अधिक खाऊ लागले. म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तिला ‘ओरेक्सिन’ म्हटले. कॅलिफोर्नियातील दुसऱ्या गटाने तिला ‘हायपोक्रेटिन’ म्हटले. दोन्ही नावे आजही चालतात. ते द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसमध्येच होत्या.

पुढच्याच वर्षी, १९९९ साली, दोन्ही वाटा एकत्र आल्या. ओरेक्सिन तयारच होऊ नये असे उंदीर यानागिसावांच्या गटाने निपजविले. उंदीर हा रात्रीचा प्राणी, म्हणून अंधारात त्यांचे चित्रीकरण केले, तो चालता चालता ते एकाएकी कोसळताना दिसले! त्याच सुमारास मीन्यो यांना डॉबरमनचा दोष सापडला, तो होता ओरेक्सिनच्या दुसऱ्या ग्राहीच्या जनुकात. उंदरांत किल्ली नव्हती, कुत्र्यांत कुलूप मोडके होते, रोग एकच.

आणि माणसांत? २००० साली नऊ रुग्णांच्या मेंदूभोवतालच्या द्रवाची तपासणी झाली. सात जणांत ओरेक्सिनचा मागमूस लागला नाही. त्याच वर्षी मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले. निरोगी मेंदूत ओरेक्सिन तयार करणाऱ्या सुमारे सत्तर हजार पेशी असतात. रुग्णांत त्यांतील शेकडा ८५ ते ९५ नाहीशा झाल्या होत्या. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून त्यांचा नाश करीत असावी, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

हे रुग्ण चोवीस तासांत इतरांहून फारसे अधिक झोपत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ओरेक्सिन जागेपणाच्या दाराला कडी घालते. कडी नसली, की दार वाऱ्यानेही उघडते. स्वप्ने पडत असताना आपले स्नायू शिथिल होतात. तीच शिथिलता या रुग्णांच्या जागेपणी, भर हसण्यात शिरते. या ज्ञानावरून औषधेही निघाली. ग्राही अडवून झोप आणणारी गोळी अमेरिकेत २०१४ साली मान्य झाली. उलट, ग्राहीला चालना देणाऱ्या गोळीने रुग्णांचा जागेपणा वाढल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

यावर कोणी विचारील, मग आळस म्हणून काही नाहीच काय? माणूस म्हणजे केवळ रसायनांचे बाहुले काय? आमचे म्हणणे तसे नाही. आळस आहे, जागरणेही आहेत, आणि पेंगणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुरेशी झोप हेच औषध होय. नार्कोलेप्सी सुमारे दोन हजारांत एकाला होते. परंतु ती बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होते, आणि निदान होईपर्यंत बरीच वर्षे जातात. त्या वर्षांत मुलाला छडी मिळते, नापास हा शिक्का मिळतो, आणि शेवटी आपण आळशीच आहोत, असे त्याचे त्यालाच वाटू लागते. रात्री पुरेशी झोप घेऊनही जो रोज दिवसा झोपतो, हसताना ज्याचे गुडघे लटपटतात, अशा मुलाच्या पालकांनी आणि शिक्षकांनी त्याला बोल लावण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. एकशेवीस वर्षांच्या या खटाटोपाचे एवढे फळ आपल्या गावात कोणा एका घरी पोचले, तरी ते थोडे नव्हे.