डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

अमेरिकेत पिकअप ट्रकला हिवाळी चाके चढवली की पुष्कळदा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो. चाकातील प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. तो गाडीच्या संगणकात नोंदवलेला नसेल, तर नवे चाक त्याच्या लेखी परकेच.

या दिव्यामागे अडीचशेहून अधिक मृत्यू आहेत. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्ड एक्सप्लोररवर होते. भर वेगात त्यांचा वरचा थर सुटे व गाडी उलटे. फोर्डने सुचवलेला दाब २६ पौंड, फायरस्टोनच्या मते ३० हवा. या वादात दोघांचे सुमारे शतकभराचे नाते तुटले.

१ नोव्हेंबर २००० रोजी क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याखालील नियमात मात्र सरकारने एक स्वस्त पर्यायही मान्य केला : चाकांच्या वेगातील फरकावरून दाबाचा अंदाज बांधणे. चारही टायरांतील हवा सारखीच उतरली, तर ही यंत्रणा गप्प! आणि दुर्लक्षित गाडीची हवा बहुधा तशीच उतरते. २००३ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला.

२००५ च्या नियमाने चारही टायरांवर लक्ष ठेवणे सक्तीचे झाले. शिवाय यंत्रणाच निकामी झाली, तर तेही दिव्याने सांगायचे. चाके बदलल्यावर लुकलुकतो तो हाच इशारा. सप्टेंबर २००७ पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या नव्या मोटारी व पिकअपना तो पूर्णपणे लागू झाला. त्याहून जड ट्रक नियमाबाहेरच राहिले.